पट्ट्याची खांदशेकणी

तानबा उरकुडे गवत कापायच्या गाडीवर बसला की बघत राहावं. डोक्याला दुपट्टा, पायजमा पोटरीपर्यंत वर ओढलेला, पाठ ताठ, आणि तोंडानं सारखं चाललेलं, ‘च्चक च्चक, हां, हां, अरे सरक नं बाप्पा!’ खाली इंजिन घुरघुरतंय, गवत भुर्रकन बाजूला उडतंय, आणि हा माणूस वळणाशी आला की स्टिअरिंग फिरवायच्या आधी हटकून डावा हात मागे नेतो. कशाला? शेपटी पिळायला! तिथं शेपटी कुठली असणार, नुसता पत्रा आहे. पण सगळा जन्म बैलामागं गेलेला हात तो, जातोच. लोक दात काढतात. तानबा म्हणतो, ‘‘हसा लेकहो. तुमचं काय जाते?’’

ही गाडी आहे मोतीलाल सेठच्या लॉनची, पुलगावहून नाचणगावकडं जाताना डाव्या हाताला. आमच्या भागात मंगल कार्यालयाला आता कुणी मंगल कार्यालय म्हणत नाही, लॉन म्हणतात. त्यातल्या निम्म्या लॉनांत गवताची काडी सापडायची नाही, मुरमावर हिरवी चटई अंथरली की झालं लॉन. मोतीलाल सेठ मात्र हट्टी माणूस. ‘‘लॉन म्हटलं तर गवत पाहिजे,’’ म्हणून खरंखुरं गवत लावून बसला. मग ते कापायला नागपूरहून ही बसून चालवायची लाल गाडी आणली, कुणाची तरी वापरलेली. आणली तर खरी, चालवणार कोण? लॉनवरच्या एका पोरानं ती मांडवाच्या खांबात घातली. दुसऱ्यानं कारंज्यात. तानबा तेव्हा गेटवर राखणदार होता. तो सगळा तमाशा बघून शेवटी उठला आणि म्हणाला, ‘‘उतर बे. त्याले पुढं पाह्यचं रायते, चाकाकडं नाई.’’ बसला, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी सरळ रेघ मारली की सेठनं स्टेजवर चढून ती दोनदा पाहिली. नांगराची तासं काढणाऱ्याचा हात होता तो, रेघ वाकडी जाईल कशी?

त्या दिवसापासून ती सीट तानबाची. आणि ती त्याला का इतकी प्यारी, हे त्याच्या बायकोला, शकुंतलाबाईला तेवढं माहीत होतं. तानबाचा चांद्या नावाचा बैल म्हातारपणानं गेला. लाल्या एकटा उरला, एकट्या बैलाचं करायचं काय, म्हणून तो पुतण्याच्या गोठ्यात गेला. शेतही पुतण्याच ट्रॅक्टरनं करतो. झालं ते बरंच झालं, कुणाचं काही चुकलं नाही. पण पोळा आला की तानबाचं घरात मन लागायचं नाही. ज्या माणसाची जोडी तोरणाखाली पहिल्या रांगेत उभी राहायची, तो रिकाम्या हातानं पोळ्यात कसा जाणार? लागोपाठ दोन पोळ्यांना तो भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडून राहिला. पुरणपोळीला हात लावला नाही. शकुंतलाबाईला फार वाईट वाटलं होतं. मग ही गाडी आली आणि माणूस पुन्हा सकाळी उठून शीळ घालायला लागला. आपल्या समोर काहीतरी ओढणारं आहे आणि आपण त्याला हाकतो आहोत, एवढं त्याला पुरत होतं.

तर यंदा सेठच्या डोक्यात आलं की तान्हा पोळा लॉनवर भरवायचा. पोळा बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लेकरांचा. लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत लेकरं येतात, तोरणाखाली रांग लागते, बक्षिसं होतात. सेठनं पत्रकं वाटली, नातीला, आचलला, हातभर उंचीचा बैल आणला. आणि इकडं गाडीचा पट्टा कुंथायला लागला. सुरू केली की आधी किंचाळायची, मग हलायची. चढाला तर नकोच म्हणायची.

पुलगावात रुपेशचं पट्टे-बेअरिंगचं दुकान आहे. मोठा बोलका गडी, आणि तानबावर त्याचा जीव. एकदा येऊन त्यानं गाडीखाली डोकं घातलं.

‘‘तानबाजी, पट्टा गेला कामातून. पाह्यना, कडा कशा उसवून राह्यल्या. भेगा पडल्या. बदला.’’

‘‘याचं काम तरी काय रायते?’’

‘‘आता घ्या! इंजिनची सारी ताकद याच्यावरून मागच्या चाकाले जाते. गाडी ओढते थो हाच, बाकी सगळे नुसते बसून खातात.’’

गाडी ओढते तो हाच. तानबानं ते वाक्य मनात जपून ठेवलं. सेठला सांगितलं तर सेठ म्हणाला, ‘‘पोळा होऊ द्या, मग बघू.’’ सेठचं बघू म्हणजे तुम्हाला सांगायला नको.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटतो, म्हणून त्याला लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं आणि कानाशी वाकून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. अर्धं लॉन कापून झालं होतं. बाकीचे लोक घरी गेले. तानबा वाटीभर लोणी नि हळद घरून घेऊन आला होता. कुणाला सांगितलं नव्हतं, शकुंतलाबाईलासुद्धा नाही, लोक हसतील याची लाज होतीच. त्यानं गाडी शेडमध्ये लावली, बोनटवरून हात फिरवला आणि विचार केला, बैलाचा खांदा दिसतो, या बयेचा खांदा कुठं? मग रुपेशचं बोलणं आठवलं. आडवा झाला, हात खाली घातला आणि जीर्ण झालेल्या त्या पट्ट्याला इकडून तिकडून, पुलीच्या खाचेतसुद्धा, चांगलं चोपडून लोणी-हळद चोळलं. पळसाचं पान गरम करून टेकवलं. ‘‘लय ओढलं तुवं,’’ म्हणाला. ‘‘उद्या काई काम नाई. आराम करजो.’’ घरी गेला तो अगदी हलका होऊन गेला.

पोळ्याच्या दिवशी सकाळीच सेठचा फोन.

‘‘तानबाजी, आज उरलेलं गवत कापून टाका.’’

‘‘आज नाई जमत सेठ.’’

‘‘काऊन?’’

‘‘आज पोळा हाय. आज कोणाच्या खांद्यावर जू नाई ठेवत.’’

‘‘अरे यार, थे मशीन आहे!’’

‘‘हव. पण वर्षभर तेच ओढते नं?’’

सेठचं डोकं फिरलं. पलीकडून ऐकू आलं ते असं, ‘‘ठीक आहे. उद्या दुपारपर्यंत गवत कापलेलं पाहिजे. नाई तर देवळीचा एक ठेकेदार मागं लागलाच आहे, त्याची माणसं येऊन कापून जातील दर महिन्याले. मशीन मी विकून टाकतो. किटकिट नाई पाहिजे मले. तुम्ही गेटवर खुर्ची टाकून बसा आरामात.’’

आरामात! तानबानं फोन खिशात टाकला. गेटवरच्या त्या खुर्चीची त्याला आता भीती वाटत होती. तरी पोळ्याच्या दिवशी त्यानं गाडीला हात लावला नाही, तेवढा तो पक्का.

तान्ह्या पोळ्याला उजाडताच तो लॉनवर हजर. किल्ली फिरवली. इंजिन झकास चालू झालं. पाती फिरू लागली. गियर टाकला, आणि गाडी हलेना! पाती जोरात, इंजिन जोरात, आणि गाडी जागच्या जागी उभी राहून चार बोटं गवत पुन्हा पुन्हा कापते आहे. किंचाळणंसुद्धा नाही, मुकाट. तानबानं ‘च्चक च्चक’ केलं, हात मागं नेला, शेवटी उतरून ढकलून पाहिलं. काही नाही. 

‘‘पट्टाच,’’ रुपेश फोनवर म्हणाला. ‘‘मीनं सांगितलं होतं का नाई? जुना काढून ठेवजा, मी येतोच.’’

काढणं काही सोपं नाही. खालची पात्यांची पेटी आधी सोडवून बाजूला ओढावी लागते, तेव्हा कुठं पट्ट्याचं तोंड दिसतं. स्पार्क प्लगची तार तानबानं आधी काढून ठेवली, चालू व्हायची भीती नको. मग ताण धरणारी स्प्रिंग आकड्यातून उतरवली, अंगठा चेमटला, एक सणसणीत शिवी हासडली, आणि पट्टा मागच्या पुलीवरून ढिला झाला. इंजिनाखालच्या पुलीतून तो ओढून काढताना हात काळेकुट्ट. हातात आला तर काय, दोन ठिकाणी आतले धागे लोंबत होते. रुपेश नवा पट्टा गळ्यात घालून मोटारसायकलवर आला. जुन्यावरचा नंबर पार घासला होता, म्हणून दोन्ही पट्टे ताणून एकाशेजारी एक धरले. बरोबर जुळले.

नवा घालताना रुपेश खाली, तानबा वर. ‘‘त्या दोन खिळ्यांच्या आतून घ्या, बाहेरून नको. हां. आता ताणाच्या चाकावरून. उलटा नाई बाप्पा, सपाट अंग त्या चाकाले!’’ स्प्रिंग पुन्हा आकड्यात बसवली. पेटी लावली. दुपार व्हायला आली होती. गेटवर तोरण बांधणारी माणसं आली, शेडमागं आचाऱ्यानं चुली पेटवल्या, सेठ घड्याळाकडं बघत येरझाऱ्या घालत होता.

तानबा बसला. गाडी जेमतेम बैलगाडीच्या लांबीएवढी पुढं गेली, त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात पुन्हा थांबली. पाती गरगर, गाडी गप्प.

‘‘नवा पट्टा लावून?’’ सेठ ओरडला.

रुपेशनं खाली बोटं घालून पाहिली. काळं, चिकट. त्याचं तोंड उतरलं. ‘‘सेठ, ऑइल गळून राह्यलं दिसते. इंजिनचं सील गेलं असन. मंग इंजिन खोला लागते.’’ जरा थांबून नाक वर करून म्हणाला, ‘‘बाकी आचारी लय भारी आणला तुमी. काय तुपाचा वास सुटला!’’

‘‘लेकरांले जिलबी आहे, डालड्यातली,’’ सेठ तुसडेपणानं म्हणाला. ‘‘बस झालं. विषय संपला.’’ आणि त्यानं खिशातून फोन काढून देवळीच्या ठेकेदाराला लावला. ‘‘माणसं पाठवा. दोन तासांत. आणि हो, मशीन पण पाहून जा, घेता का.’’

 तानबा सीटवरून उतरला, पण हात स्टिअरिंगवरच होता. सेठनं समोरून किल्ली मागितली तेव्हा ती काढायला त्याला वेळ लागला. रुपेश दुसरीकडं बघत होता. एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरलेले त्याला बघवेनात.

नेमकी तेव्हाच शकुंतलाबाई डबा घेऊन आली. नवरा सकाळी तसाच निघून गेला होता, म्हणून पोळ्याची उरलेली पुरणपोळी आणि कढी घेऊन निघाली होती. नवऱ्याचं तोंड पाहिलं, डबा खाली ठेवला. मग तिनं नाक ओढलं. एकदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं. आचाऱ्याच्या चुलीकडं गेली, परत आली, आणि पदर सावरून गाडीपाशी खाली बसली.

‘‘अजी,’’ तिनं हळूच विचारलं, ‘‘घरची लोण्याची वाटी कुठं गेली?’’

तानबा हात पायजम्याला पुसू लागला.

‘‘परवा सांजेले भरलेली होती. मी म्हटलं मांजर. मांजर वाटीसगट खाते का?’’ तिनं गाडीखाली हात घातला, बोट काढून नाकाशी धरलं. काळ्याखाली पिवळं होतं. ‘‘माय वं! खांद शेकलं तुमी हिचं?’’

सगळे तानबाकडं बघायला लागले. तानबा कानाच्या पाळीपर्यंत लाल.

‘‘ओढते थो हाच, असं रुपेशच म्हणला होता,’’ तो पुटपुटला.

क्षणभर कुणालाच कळेना. मग रुपेशला कळलं, आणि तो जो हसत सुटला तो गवतावर लोळलाच. ‘‘बाप्पा बाप्पा! पट्ट्याले लोणी! अजी तानबाजी, त्याचं कामच पकडून धरायचं रायते. खाचेत लोणी गेलं तर थो काय पकडंन? मी नवा आणून त्याच लोण्यात बसवला! अन् वरून तुपाचा वास घेत बसलो!’’ गरम पुलीवर लोणी कढून त्याचं तूप झालं होतं, आणि तिघं पुरुष सकाळपासून त्याचा वास घेत इंजिनला शिव्या देत होते.

सेठ मात्र हसेना. ‘‘मशीनले लोणी लावते का कोणी? डोकं आहे का नाई?’’

आता शकुंतलाबाई उभी राहिली. नवऱ्याला घरात ती पाहिजे ते बोलेल, बाहेरच्यानं बोललेलं तिला खपत नाही. ‘‘दिवाळीले तुमी दुकानच्या तराजूची पूजा करता नं सेठ?’’

‘‘करतो. पण दांडीले लोणी नाई लावत!’’

‘‘तुमचा तराजू ओढत नाई म्हणून. ओढत असता तर लावलं असतं.’’

सेठ काहीतरी बोलायला गेला आणि त्यालाच हसू फुटलं. ते दाबायला त्यानं तोंड फिरवलं, पण खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले.

‘‘निघते का हे?’’ त्यानं रुपेशला विचारलं.

‘‘रॉकेल, पेट्रोल...’’ रुपेश सुरू झाला. शकुंतलाबाईनं त्याला हातानंच गप्प केलं. लोण्याची भांडी रोज कोण घासतं? ती आचाऱ्याकडून गरम पाण्याची बादली आणि कपडे धुवायचा सोडा घेऊन आली. पट्टा पुन्हा उतरवला गेला, या वेळी निम्म्या वेळात. तिनं चिंधीचं टोक खाचेत घालून पुल्या अशा घासल्या की पत्रा चमकायला लागला. पट्टाही सोड्याच्या पाण्यात धुऊन, पुसून, उन्हात वाळवला. तानबा बादली धरून उभा. ‘‘तिकडं राह्यलं,’’ तो एकदा म्हणाला. ‘‘तुमी बोलू नका,’’ ती म्हणाली. तो बोलला नाही.

पट्टा बसवला. तानबानं सेठपुढं हात केला, सेठनं किल्ली दिली. या वेळी ‘च्चक’ म्हणायचंही त्याला सुचलं नाही. गियर टाकला मात्र, गाडी अशी झटक्यात निघाली की दुपट्टा उडून मागं पडला. ‘‘अरे हां! हां! हो हो हो!’’ तानबा ओरडत सुटला. रुपेश मागून धावत शिट्ट्या मारत होता. एक रेघ, दुसरी रेघ, सरळसोट. सेठ स्टेजवर चढला, बघितलं, आणि फोन काढून ठेकेदाराला म्हणाला, ‘‘राहू द्या. येऊ नका. नाई, मशीन पण विकायची नाई.’’

लेकरं येऊ लागली तेव्हा शेवटची रेघ चालली होती. तानबानं काम उरकून गाडी कोपऱ्यात सावलीला नेली आणि तिथंच बसून राहिला. समोर तोरणाखाली रांग लागत होती. कुणाच्या बैलाला झूल, कुणाच्या शिंगांना बेगड. त्याला बरं वाटत होतं आणि आत कुठंतरी तेच जुनं टोचतही होतं. पोळा म्हटला की तो बाजूलाच. शकुंतलाबाई कधीची दिसत नव्हती.

आचल आपला मोठा बैल ओढत कोपऱ्यापर्यंत आली. ‘‘आजोबा, तुमचा काऊन नाई लायनीत?’’

‘‘माह्यापाशी कुठं बैल हाय, बेटा?’’

पोरीनं गाडीकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि जोरात हाक मारली, ‘‘दादाजी! तानबा आजोबांचा राह्यला!’’

सगळ्या लॉननं मान वळवली. सेठ माईकवर होता. तो खाकरला. ‘‘तानबाजी,’’ माईकमधून आवाज आला, ‘‘आणा आपला. पहिल्या रांगेत लावा. ए लेकरं हो, जागा करा.’’

 तानबानं किल्ली फिरवली, गाडी हळूहळू आणली, लाकडी बैलांच्या मधे नेऊन उभी केली. शकुंतलाबाई तेवढ्यात आरतीचं ताट घेऊन आली, नवं लुगडं नेसून. घरी गेली होती म्हणायची. तिनं गाडीला ओवाळलं, बोनटवर हळदकुंकू लावलं, आणि बोट खाली नेलं तसा रुपेश गर्दीतून ओरडला, ‘‘वहिनी, पट्ट्याले नको!’’ एकच हशा. मग पोळ्यात झडत्या म्हणतात तशी त्यानं उभ्या उभ्या एक जुळवली:

‘‘तानबाजीच्या गाडीले खाऊ घातलं लोणी,
पट्टा म्हणे पोट भरलं, आता ओढावं कोणी?’’

‘‘हर हर महादेव!’’ लेकरांनी आरोळी ठोकली. सेठनं सगळ्यांना बोजारा वाटला, जिलबीचा पुडा आणि एक नोट. तानबाच्या पुढ्यात आल्यावर त्यानं पुडा दिला, नोट दिली, आणि गाडीतली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. एरवी ती संध्याकाळी ऑफिसात टांगावी लागे. ‘‘तुमच्याचजवळ राहू द्या,’’ म्हणाला.

मग रिवाजाप्रमाणे तोरण तोडलं, पोळा फुटला. खडखड खडखड चाकं वाजवत लेकरं पळाली. तानबानं किल्ली लावली, गाडी निघाली, गेटपाशी वळण आलं आणि त्याचा डावा हात सवयीनं मागं गेला.

तिथं केसाळ काहीतरी हाताला लागलं.

तो दचकला. वळून बघितलं तर सीटच्या मागं चांद्याच्या शेपटीचा काळा गोंडा बांधलेला, धुऊन, विंचरून. चांद्या गेला तेव्हा जपून ठेवलेला तो शकुंतलाबाईनं पेटीच्या तळातून काढून आणला होता आणि ओवाळताना कधी बांधला ते कुणाला कळलं नव्हतं. ती तुटलेल्या तोरणापाशी ताट घेऊन उभी होती, दुसरीकडंच बघत असल्यासारखी.

तानबानं गोंडा मुठीत धरला. डोळे पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता, म्हणून त्यानं ते पुसलेच नाहीत.

‘‘चाल बाप्पा,’’ तो म्हणाला, आणि पिळला.